ध्वनिसंपीडक परिपथातील फेरबदल : ‘अटॅक’ व ‘रिलीज’ यांच्या कालस्थिरांकाचे विवेचन

प्रस्तावना :
गिटारसारख्या तंतुवाद्याची तार छेडली जाताच ध्वनी एकदम मोठा होतो व त्यानंतर तो हळूहळू क्षीण होत जातो. ध्वनीच्या या चढउतारांची व्याप्ती कमी करण्याचे कार्य ध्वनिसंपीडक, म्हणजेच कॉम्प्रेसर करतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील रॉचेस्टर येथील एमएक्सआर या कंपनीचा ‘डायना कॉम्प’ आणि त्याच्याशी जवळजवळ जुळणारा ‘रॉस कॉम्प्रेसर’ हे दोन संपीडक वादकांमध्ये लोकप्रिय झाले. मोजके घटक आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर चालणारा हा परिपथ इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी व हौशी तंत्रज्ञ आजही स्वतः तयार करतात आणि त्यात फेरबदलही करतात. त्यांपैकी सर्वांत प्रचलित फेरबदल ‘अटॅक नियंत्रण’ या नावाने ओळखला जातो. परिपथाचे विश्लेषण केले असता मात्र हे नाव यथार्थ नसल्याचे दिसून येते. नाव चुकले की दोषही चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. म्हणूनच या फेरबदलामागील तत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

परिपथाचे कार्यतत्त्व :
या परिपथाच्या केंद्रस्थानी सीए ३०८० ही आयसी असते. ती ट्रान्सकंडक्टन्स प्रकारचा प्रवर्धक असून तिच्या पाचव्या पिनेला जितका नियंत्रक प्रवाह मिळतो, तितक्या प्रमाणात तिचे प्रवर्धन वाढते. सामान्य तापमानाला ट्रान्सकंडक्टन्स हा नियंत्रक प्रवाहाच्या सुमारे १९ पट असतो. १ मिलिअँपिअर प्रवाहासाठी तो सुमारे १९ मिलिसीमेन्स इतका येतो.

हा प्रवाह किती असावा, हे १० मायक्रोफॅरडच्या एका धारित्रावरील विद्युत्‌दाब ठरवितो. हे धारित्र १५० किलो ओहमच्या रोधकामधून धन पुरवठ्याकडून भारित होत राहते. ध्वनिसंदेश मोठा झाला की एकदिशकाचे कार्य करणारे दोन ट्रान्झिस्टर वाहू लागतात व धारित्रावरील भार जमिनीकडे ओढून घेतात. दाब उतरतो, नियंत्रक प्रवाह घटतो आणि प्रवर्धन कमी होते. संदेश क्षीण झाल्यावर ट्रान्झिस्टर बंद पडतात, धारित्र पुन्हा भारित होते आणि प्रवर्धन पूर्वपदावर येते. थोडक्यात, धारित्र रिकामे होणे म्हणजे ‘अटॅक’ आणि ते पुन्हा भरणे म्हणजे ‘रिलीज’.

प्रचलित फेरबदल व त्याचा खरा परिणाम :
प्रचलित फेरबदलात १५० किलो ओहमच्या रोधकाऐवजी १० किलो ओहमचा स्थिर रोधक व १५० किलो ओहमचा बदलता रोधक एकसरीत जोडतात. रोध व धारिता यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक. मूळ परिपथात तो १५०,००० × ०.००००१ = १.५ सेकंद येतो. फेरबदलानंतर तो ०.१ सेकंदापासून १.६ सेकंदांपर्यंत बदलता येतो. परंतु हा रोधक धारित्र भरण्याच्या मार्गात आहे, रिकामे करण्याच्या मार्गात नाही. त्यामुळे या बटणाने प्रामुख्याने ‘रिलीज’ बदलतो. वादकाला मात्र फरक छेडीच्या क्षणी जाणवतो. कालस्थिरांक लहान असल्यास दोन स्वरांच्या दरम्यान प्रवर्धन पूर्णपणे सावरते आणि पुढचा आघात अधिक ठळक ऐकू येतो. हे बटण ‘अटॅक’ या नावाने रूढ होण्याचे कारण येथेच आढळते.

जलद रिलीजचे मोल :
रिलीज जलद केल्याचे दोन दुष्परिणाम संभवतात. पहिला परिणाम विकृतीचा. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता ८२.४ हर्ट्झ असते. पूर्ण तरंगाचे एकदिशीकरण होत असल्यामुळे दोन शिखरांमधील अंतर सुमारे ६ मिलिसेकंद राहते. एवढ्या अवधीत १.५ सेकंदाच्या कालस्थिरांकाने धारित्र उरलेल्या अंतराच्या अवघे ०.४ टक्के भरते, ०.१ सेकंदाच्या कालस्थिरांकाने हेच प्रमाण ५.९ टक्के होते. म्हणजे नियंत्रक दाबातील हेलकावा जवळजवळ १५ पट वाढतो आणि प्रवर्धन प्रत्येक कंपनाबरोबर डळमळू लागते. खर्जातील स्वर खरखरीत होण्याचे हेच कारण होय. त्यासाठी आयसी सदोष ठरविणे योग्य नव्हे. दुसरा परिणाम खरखरीच्या उसळीचा. संदेश नसताना प्रवर्धन कमाल असते, त्यामुळे स्वर थांबताच पार्श्वभूमीचा सूंसूं आवाज झपाट्याने वर येतो.

खरे अटॅक नियंत्रण :
आघात न दबता पुढे जावा अशी अपेक्षा असल्यास बदल धारित्र रिकामे होण्याच्या मार्गात करावा लागतो. दोन्ही ट्रान्झिस्टरांचे कलेक्टर जेथे एकत्र येतात, त्या बिंदूपासून धारित्राकडे जाणाऱ्या वाटेत सुमारे १ किलो ओहमचा रोधक घातल्यास १० मिलिसेकंदांचा कालस्थिरांक मिळतो. ट्रान्झिस्टर केवळ तरंगाच्या शिखरांवर वाहत असल्याने प्रत्यक्ष अवधी याहून अधिक असतो व संपीडनाची खोलीही थोडी घटते. धारित्राचेच मूल्य बदलल्यास मात्र अटॅक आणि रिलीज दोन्ही एकदम बदलतात, हे लक्षात घ्यावे.

आयसीचा पर्याय :
सीए ३०८० चे मूळ उत्पादन बंद झाले असून बाजारात बनावट नग आढळतात. एलएम १३७०० हा त्यावरील सुलभ पर्याय होय. तिच्यात असे दोन प्रवर्धक असतात. मात्र पिनांची रचना भिन्न आहे. सीए ३०८० च्या २, ३, ४, ५, ६ व ७ या पिना एलएम १३७०० च्या अनुक्रमे ४, ३, ६, १, ५ व ११ या पिनांशी जुळतात. उर्वरित पिना मोकळ्या ठेवता येतात. दोन्ही आयसींसाठी नियंत्रक प्रवाहाची मर्यादा २ मिलिअँपिअर आहे. संवेदनशीलतेच्या बटणाबरोबर एकसरीत असलेला २७ किलो ओहमचा रोधक हा प्रवाह ०.३ मिलिअँपिअरच्या आत ठेवतो. म्हणून तो कधीही वगळू नये.

घ्यावयाची दक्षता :
१) आयसी थेट न झाळता सॉकेटमध्ये बसवावी.
२) एका वेळी एकच घटक बदलावा व प्रत्येक बदलानंतर धारित्रावरील दाब मोजून नोंदवावा.
३) धारित्राची धन व ऋण टोके तपासावीत. १ मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा १५० किलो ओहममध्ये ०.१५ व्होल्टची घट निर्माण करते. म्हणून कमी गळतीचे धारित्र वापरावे.
४) आयसी बदलल्यावर प्रवेश बाजूंचा समतोल साधणारा ट्रिमर पुन्हा जुळवावा, अन्यथा प्रत्येक छेडीबरोबर ‘धप्प’ असा आवाज येतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, ‘अटॅक’ या नावाने प्रसिद्ध असलेला फेरबदल वस्तुतः रिलीजचा आहे. तो उपयुक्त आहेच. परंतु त्याची मर्यादा खर्जातील विकृती व पार्श्वभूमीची खरखर यांनी आखून दिलेली आहे. भार कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने जातो, हे आधी आकृतीवर बोट ठेवून पाहिल्यास कोणता रोधक बदलावा हे आपोआप कळते. हाताने बनविलेल्या साध्या परिपथाचे शैक्षणिक मूल्य याच पडताळणीत सामावलेले आहे.