गाभण म्हशीला पेंड, गरोदर सुनेला काय?

गाभण म्हशीला आपण वेगळी पेंड घालतो. गरोदर सुनेच्या ताटाकडे कोण बघतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, दिसायला हडकुळी, पण वजनाच्या मानाने अंगात चरबी जास्त. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका असतो. पालेभाजी, फळे, दूध वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे वजनाने चांगली निघाली. आई लठ्ठ असली, रक्तात साखर वाढली, तरी बाळाला तोच धोका. तेव्हा शेतकरी बंधूंनो, सगळंच दूध डेअरीला घालू नका. वाफ्यातली मेथी, बांधावरचा शेवगा आधी घरात शिजू द्या. अन् सुनेची साखर आरोग्य केंद्रात वेळेवर तपासून घ्या.