मागाची कांडी आणि प्रौढांचा एडीएचडी
सोलापुरातल्या साध्या यंत्रमागावर कांडी संपली की माग आपोआप थांबतो. विणकराला ते लक्षात ठेवावं लागत नाही. एडीएचडी असलेल्या प्रौढाला अशीच बाहेरची खूण लागते. लक्ष असतं, पण हवं तेव्हा, हवं तिथे वळत नाही. आवडीच्या कामात तो जेवण विसरतो आणि पैसे असून वीजबिल थकतं. घरचे आळशी म्हणतात. (पन्नाशीपर्यंत मीही स्वतःला तेच म्हणत होतो.) २०१३च्या डीएसएम-५ नुसार १७ वर्षं व त्यापुढे एका गटातली सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात, मात्र काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीच दिसलेली हवीत. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ शाळेची प्रगतिपुस्तकंही मागतात. औषधाचा उपयोग होतो, तरी बिल दाराच्या कडीला अडकवावंच लागतं.