पडद्यावरचा समाज (भाग ५) : प्रेक्षकाला कुठे बसवायचं?

सामाजिक चित्रपटांचे विषय कुठून येतात, हे गेल्या आठवड्याच्या भागात पाहिलं. पण विषय मोठा असला म्हणजे चित्रपट काळजाला भिडतोच असं नाही. जातीवर, गरिबीवर, अन्यायावर कळकळीने काढलेले कितीतरी चित्रपट थिएटरबाहेर पडता पडता विसरले जातात. काही मात्र वर्षानुवर्षं आतून टोचत राहतात. हे कशामुळे होतं, ते शोधायला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. पहिला १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत लागला, दुसऱ्याने त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिकं मिळवली. दोघांची रीत एकमेकींपासून फार लांबची आहे. तरी एका गोष्टीचं भान दोन्ही दिग्दर्शकांना सारखंच आहे : घडणारा अन्याय प्रेक्षकाने कोणत्या जागेवरून पाहायचा?

‘फँड्री’ची सुरुवात अन्यायाने होत नाही, ती एका पोराच्या हौसेने होते. कैकाडी कुटुंबातल्या जब्याला वर्गातली शालू आवडते. तिच्यावर जादू व्हावी म्हणून त्याला काळी चिमणी हवी असते, अंगात जीन्स हवी असते. गलोल घेऊन तो मित्रासोबत रानोमाळ भटकतो. या वयातलं हे वेड कोणत्याही घरातल्या माणसाला ओळखीचं वाटतं. म्हणूनच प्रेक्षक आधी जब्याचा सोबती होतो आणि त्याची जात त्याला नंतर, हळूहळू जाणवते. तीही भाषणातून कळत नाही, कामांच्या वाटपातून कळते. गावची जत्रा रंगात असताना जब्याला डोक्यावर दिवा धरून उभं राहावं लागतं. गावाला डुकरांचा उपद्रव झाला की बोलावणं त्याच्या बापाला, कचरूला येतं. किशोर कदम यांनी उभा केलेला हा कचरू आवाज चढवून गावाशी भांडत नाही. मुलीचं लग्न डोक्यावर आहे, चार पैसे हवेत, म्हणून तो मान खाली घालून कामाला लागतो. त्या वाकलेल्या मानेतून जे कळतं, ते संवादांतून सांगता आलं नसतं.

आणि मग ती अखेरची डुकराची धरपकड. सगळं कुटुंब शाळेच्या आसपास डुकरामागे धावतंय, शाळेतली पोरं कडेला जमून हसतायत, त्यांत शालूही आहे. जब्या तोंड लपवायला आडोसा शोधतो आणि बाप त्याला मारत ओढून बाहेर आणतो. डुक्कर हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. पुढे पकडलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज आणि गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेली आहेत. कॅमेरा त्यांच्यासमोर रेंगाळत नाही, पार्श्वसंगीत उसळत नाही, कुणी काही म्हणत नाही.

या प्रसंगाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. धरपकडीत गंमत आहे. घसरणं, पडणं, आरडाओरडा हे सगळं पाहताना थिएटरातही हसू फुटतं. थोड्याच वेळात लक्षात येतं की आपण ज्याला हसलो, त्यालाच ती कडेची पोरंही हसतायत. जब्याचा सोबती म्हणून आत आलेला प्रेक्षक बघ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलेला असतो. शेवटी जब्या छळणाऱ्यांवर दगड भिरकावतो आणि त्याचा अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. हाच दगड चित्रपटाच्या पहिल्या दहा मिनिटांत आला असता तर तो निव्वळ आरोप ठरला असता. आधी प्रेम, मग हसू, मग शरम अशी वाट चालून आल्यावर तो खरोखर लागतो.

मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये हीच वाट मोठ्या पटावर आखली. आर्ची-परशाची गाणी, विहिरीतल्या उड्या, उसाचे फड यांनी पूर्वार्ध भारून टाकला, आणि अखेरच्या हत्येच्या वेळी आवाजच काढून घेतला. अजय-अतुल यांच्या संगीतावर पायांनी ठेका धरणाऱ्या प्रेक्षकाला ती शांतता पेलवत नाही. पूर्वार्धातला आनंद जितका खरा वाटलेला असतो, तितका तो शेवट असह्य होतो.

‘कोर्ट’ यातलं काहीच करत नाही. इथे प्रेम नाही, हसवून नंतर खिंडीत गाठणं नाही. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराला अटक होते. आरोप असा की, त्याच्या गाण्याने प्रवृत्त होऊन गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. कांबळेंची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. शाहिरी गाण्यांमागे संभाजी भगत आहेत. कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर. न्यायालयात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. जवळ जाता येत नाही, मध्ये बोलता येत नाही.

या अंतराचा परिणाम मृत कामगाराच्या पत्नीच्या साक्षीत कळतो. ती भूमिका करणारी स्त्री व्यावसायिक अभिनेत्री नाही. प्रश्नांना ती थोडक्यात, सपाट आवाजात उत्तरं देते. मॅनहोलमध्ये उतरण्याआधी नवरा आत खडा टाकून झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. आली तर आतली हवा विषारी नाही, असा हिशेब. आतला वास सोसावा म्हणून तो दारू प्यायचा. सुरक्षेची साधनं नव्हतीच. ती रडत नाही, न्यायाधीश तिचं बोलणं नोंदीच्या भाषेत लिहून घ्यायला सांगतात आणि कामकाज पुढे सरकतं. माणसाचा जीव झुरळांच्या भरवशावर होता, ही गोष्ट त्या कोरड्या नोंदीमुळे दुप्पट बोचते. तिथे सतारीचे सूर किंवा अश्रूंचा क्लोजअप आला असता, तर प्रेक्षकाने हळहळून मन मोकळं केलं असतं. ताम्हाणे ती मोकळीक देत नाहीत.

त्यांनी खलनायकही दिलेला नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेल्या सरकारी वकील कामावरून लोकलने घरी जातात, साडीच्या आणि स्वयंपाकाच्या गप्पा मारतात, घरच्यांना जेवू घालतात, सगळ्यांना घेऊन नाटकाला जातात. त्या कोणत्याही इमारतीत शेजारी राहत असतील. अशा साध्यासरळ बाई कांबळेंना तुरुंगात ठेवण्यासाठी नेटाने युक्तिवाद करतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. एक दुष्ट माणूस दाखवला की प्रेक्षकाचा राग त्याच्यावर निघून जातो. तो नसेल तर राग घरापर्यंत सोबत येतो. ‘फँड्री’तही हेच आहे : जब्याला छळणारी चार पोरं निमित्तमात्र, हसणारं गाव मोठं आहे.

म्हणजे मंजुळे प्रेक्षकाला आधी जवळ घेतात आणि मग त्याला तो कुठे उभा आहे ते दाखवतात. ताम्हाणे त्याला पहिल्यापासून लांब बसवतात आणि उठू देत नाहीत. दोन्हीकडे सहानुभूतीवर भागत नाही, कारण सहानुभूती दाखवून मोकळं व्हायची सोयच ठेवलेली नाही.

पुढच्या आठवड्यात जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा ‘उंबरठा’. तिथे कॅमेरा स्मिता पाटील यांच्या सुलभाच्या अगदी जवळ आहे, गाणीही आहेत, आणि तरीही तिच्या निर्णयावर घराघरांत वाद झाले. गाण्यांनी त्या वादाची धार कमी केली की वाढवली, हे त्या भागात तपासू.