मातीतली चांदी ओळखताना

मेटल डिटेक्टरला चांदी ओळखता येत नाही. खाली पुरलेली वस्तू वीज किती सहज वाहू देते, एवढेच त्याला कळते. पुढची सगळी ओळख पटवायची ती डोळ्यांनी, भिंगाने आणि धातूच्या जाणकारीने. इंग्लंडमध्ये पीक निघाल्यावर शेतकऱ्याची परवानगी घेऊन मोकळ्या रानातून डिटेक्टर फिरवणारी हौशी माणसे हजारोंनी आहेत. त्यांच्यातले जाणते यंत्रापेक्षा या जाणकारीलाच जास्त मान देतात, आणि मला ते पटते.

यंत्राचे काम असे चालते. डिटेक्टरच्या चकतीत तारेचे वेटोळे असते आणि त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरून धातूमध्ये भोवरी प्रवाह उठवते, आणि ते प्रवाह स्वतःचे क्षीण क्षेत्र उलट पाठवतात. हे उत्तर मूळ लहरीच्या किती मागे पडले, हे मोजून यंत्र पडद्यावर आकडा दाखवते. धातू जितका सुवाहक आणि वस्तू जितकी जाड, तितके उत्तर मागे पडते. चांदी सगळ्या धातूंत सर्वात सुवाहक, म्हणून चांदीचे जाड नाणे किंवा कडे पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला बोलते. पण तांब्याची जुनी नाणी आणि अॅल्युमिनियमची जाड टोपणेही तिथेच बोलतात.

दागिन्यांच्या बाबतीत तर हा आकडा फारच फसवा. अखंड अंगठीत प्रवाहाला पूर्ण फेरी मारता येते, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर फेरी मोडते आणि आकडा घसरतो. साखळीचे हाल त्याहून वाईट. कडीला कडी नुसती टेकलेली असते, वीज एकीतून दुसरीत नीट जात नाही, आणि यंत्राला वजनदार साखळीऐवजी सुट्या बारीक कड्या दिसतात. चॉकलेटच्या चांदीसारखा क्षुल्लक आवाज येतो आणि माणूस पुढे निघून जातो. फक्त वरचे आकडे खणणाऱ्याला नाणी मिळतील. नाजूक दागिने तो स्वतःच्या पायाखाली सोडून जाईल.

वस्तू हातात आली की रंग बघायचा. सोने शतकांनंतरही पिवळेच निघते. चांदी मात्र जमिनीतल्या गंधकाने काळवंडते, आणि क्षारांमुळे तिच्यावर करडा, जांभळट थर चढतो. चांदीत तांबे जास्त मिसळलेले असेल तर तेच आधी बाहेर येते आणि दागिना हिरवट दिसतो. म्हणून हिरवे ते पितळ, असे म्हणून काही टाकून देऊ नये. घासायला तर मुळीच घेऊ नये. फार जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाकवली की मोडते, आणि घासली की नक्षीही जाते.

यानंतर भिंग. इंग्लंडच्या चांदीइतकी बोलकी चांदी क्वचितच सापडेल. इसवी सन १३०० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने तिथे बिबट्याच्या मुखाचा ठसा आला. १४७८ पासून वर्षाचे अक्षर आले आणि १५४४ मध्ये चालता सिंह. हा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि शेफील्डचा मुकुट १७७३ पासूनचे. शेफील्डने १९७५ मध्ये मुकुट सोडून गुलाब घेतला. वर्षाचे अक्षर, त्याचे वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार जुळवला की अंगठी कोणत्या साली तपासली गेली, हे सांगता येते. मातीतून आलेल्या कितीशा वस्तू आपला जन्म इतक्या नेमकेपणाने सांगतात?

तरी ठसा नाही म्हणजे चांदी नाही, असे समजू नये. आजच्या ब्रिटिश कायद्यात ७.७८ ग्रॅमच्या आतल्या चांदीला ठशाची सक्ती नाही, आणि नाजूक अंगठ्या बहुधा या वजनाच्या आतच बसतात. उलट फसवे ठसेही आहेत. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्यानंतर मुलाम्याच्या वस्तूंवर ‘ईपीएनएस’ ही अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत अशी उठवली जाऊ लागली, की दुरून ती खऱ्या ठशांची रांगच वाटावी. आत असते ते आपल्या घरांतही माहीत असलेले जर्मन सिल्व्हर: तांबे, निकेल आणि जस्त. चांदीचा त्यात कणही नाही. शंका असेल तर वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढावी. शुद्ध चांदीची साडेदहाच्या आसपास येते, जर्मन सिल्व्हरची नवाच्याही आत. पोकळ किंवा खडे जडवलेल्या दागिन्याला ही परीक्षा लागू पडत नाही. आणि जुन्या वस्तूवर आम्ल टाकून टंच बघण्याचा विचारही मनात आणू नये.

टंच बघण्याची घाई हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही होतीच. व्हायकिंग चांदी वजनावर घेत आणि सुरीच्या टोकाने खाच पाडून तिचा कस पाहत. त्या काळच्या कड्यांवर आणि नाण्यांवर या खाचा आजही दिसतात, आणि अभ्यासकांना नक्षीइतक्याच मोलाच्या वाटतात.

अशी चांदी सापडली तर इंग्लंडमध्ये ती खिशात घालता येत नाही. १९९६ च्या कायद्याप्रमाणे किमान ३०० वर्षे जुनी आणि वजनाच्या निदान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू ‘ट्रेझर’ ठरते (सुट्या नाण्याला हे लागू नाही), आणि १४ दिवसांत कोरोनर या अधिकाऱ्याला कळवावी लागते. संग्रहालयाने ती घेतली तर मोबदला सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. आपल्याकडचा १८७८ चा निखात निधी कायदाही दहा रुपयांवरच्या पुरलेल्या धनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायला सांगतो. लहानसहान शोधांची नोंद इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ठेवते. वस्तू नेमकी कुठे निघाली, हेही त्यात लिहिले जाते. मला या साऱ्या व्यवस्थेत हीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते.

तिचे मोल २०११ मध्ये लँकेशायरच्या सिल्व्हरडेलजवळ दिसले. एका हौशी शोधकाला जमिनीत शिशाचे एक भांडे लागले, आणि शिसे म्हणून तो आधी हिरमुसला. भांडे उचलताच चांदी खाली सांडली: कडी, अंगठ्या, लगडी, तोडलेले तुकडे आणि नाणी, मिळून दोनशेहून जास्त नग. त्याने ते रीतसर कळवले. त्यातल्या एका नाण्यावर ‘एअरडेकोनट’ हे नाव निघाले. हार्थाक्नट या नावाचे ते रूप असावे, असे अभ्यासक मानतात. उत्तर इंग्लंडवर राज्य केलेला हा व्हायकिंग राजा तोवर इतिहासाला ठाऊकच नव्हता.