वॉर्सा इथून गेली

राजधानीच्या छायेत वसलेल्या गावांचे दुर्दैव असे की, त्यांची ओळख करून देताना आधी राजधानीचे नाव घ्यावे लागते आणि मागाहून तिच्यापासूनचे अंतर सांगावे लागते. पोलंडमधील प्रुश्कुव हे अशांपैकीच एक. वॉर्साच्या नैर्ऋत्येस सुमारे १५ किलोमीटरांवर, उत्राता नावाच्या लहानशा नदीच्या काठी असलेले हे साठ हजारांच्या घरातील वस्तीचे शहर सकाळच्या गाड्यांनी राजधानीकडे ओसरते आणि दिवेलागणीला पुन्हा भरते. दूरच्या प्रवाशाला खिडकीतून ते एक स्थानक म्हणून दिसते, न दिसते, तोच मागे पडते. पण येण्याजाण्याचा हा जो नित्यक्रम, त्यातच या गावाचा सारा इतिहास साठलेला आहे.

तो इतिहास रुळांहून कितीतरी पुरातन अशा लोखंडापासून आरंभ पावतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून सनाच्या चौथ्या शतकापर्यंत या परिसरात लोहाच्या असंख्य भट्ट्या पेटत होत्या, आणि रोमन साम्राज्याच्या सरहद्दीपलीकडील लोहोत्पादनाच्या मोठ्या केंद्रांत या प्रदेशाची गणना होते. दलदलीत साचणारे लोहखनिज लोणारी कोळशासह चिकणमातीच्या उभट भट्टीत घालीत. धातुमळी ओघळून तळच्या खड्ड्यात थिजे, आणि लोखंडाचा गोळा हाती यावा म्हणून भट्टीच फोडावी लागे. प्रत्येक भट्टीचे आयुष्य असे एका खेपेचे. परंतु खड्ड्यातील मळीचे ते जड गोळे जमिनीतच राहिले, आणि ज्या लोहारांचा एका अक्षराचाही लेख नाही त्यांचे दप्तर म्हणून आज पुराणवस्तुसंशोधकांच्या उपयोगी पडले. पोतुलित्स्की घराण्याच्या वाड्याभोवतीच्या उद्यानात हे दप्तर मांडलेले संग्रहालय १९७५ पासून उभे आहे.

अर्वाचीन प्रुश्कुवचा जन्म मात्र आगगाडीने घडविला. झारच्या अमलाखालील पोलंडात वॉर्सा–व्हिएन्ना रेल्वेचा ग्रोजिस्कपर्यंतचा पहिला टप्पा १४ जून १८४५ रोजी खुला झाला, आणि त्या वाटेवरील या वस्तीला कारखानदारांनी हेरले. चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना आला, मायेव्स्कींचा पेन्सिलींचा कारखाना आला, आणि रेल्वेने आपल्या डबे-इंजिनांच्या दुरुस्तीसाठी भव्य कर्मशाळा बांधल्या. शेजारच्या त्वोर्कीत १८९१ मध्ये मनोरुग्णालय उघडले. त्याची कीर्ती अशी पसरली की, पोलिश बोलीत ‘त्वोर्की’ हा शब्दच वेड्यांच्या इस्पितळाचा पर्याय होऊन बसला. शहराची सनद १९१६ मध्ये मिळाली, तीही जर्मन लष्करी अमलात. पोलंड स्वतंत्र झाल्यावर अमेरिकेत राबून आलेल्या पोलिश यंत्रज्ञांच्या संघाने येथे यंत्रसामग्रीचा कारखाना चालविला, आणि १९२७ च्या डिसेंबरात विजेवर धावणारी उपनगरी गाडी सुरू होऊन राजधानीशी जडलेले नाते रोजच्या व्यवहाराचे झाले.

हीच जवळीक पुढे शापासारखी भोवली. १९४० मध्ये जर्मनांनी प्रुश्कुवच्या यहुद्यांना बंदिस्त वस्तीत कोंडले आणि १९४१ च्या आरंभी त्यांची रवानगी वॉर्साच्या घेट्टोत केली. राजधानीकडे निघालेल्या त्या प्रवाशांपैकी बहुतेकांना परतीची वाट उरली नाही. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साने उठाव केला, आणि आठवडा लोटण्यापूर्वीच ज्या कर्मशाळांत डबे दुरुस्त होत तेथे ‘दुलाग १२१’ नावाची संक्रमण-छावणी उभी राहिली. उठावाचे ६३ दिवस आणि त्यानंतरही काही काळ जळत्या शहरातून हाकलून काढलेली माणसे तेथे आणली जात होती. त्यांच्या संख्येचे इतिहासकारांचे अंदाज पावणेचार लाखांच्या पुढून साडेसहा लाखांपर्यंत जातात. तेलाने माखलेल्या फरशीवर, इंजिनांखाली उतरण्यासाठी खणलेल्या चरांच्या कडेने ही माणसे पडून राहत. मग निवड होई, आणि धडधाकटांना जर्मनीत वेठबिगारीला, कित्येक सहस्रांना यातनातळांवर, तर वृद्ध, आजारी आणि लेकुरवाळ्यांना अन्य जिल्ह्यांत धाडले जाई. अशा वेळी गावाने हात आखडला नाही. भाकरी आणि रस्सा भिंतीआड पोचविला गेला, आणि पोलिश डॉक्टर-परिचारिकांनी खोट्या रोगांचे दाखले लिहून कितीकांची सुटका केली. निरोगी माणसाला रोगी ठरविणारा तो खोटा कागद त्या दिवसांत कोणत्याही औषधाहून गुणकारी ठरला.

वॉर्सा शहर रिकामे झाल्यावर शत्रूने ते घर-घर जाळण्यास आरंभ केला, आणि त्याच सुमारास प्रुश्कुवातून उलट दिशेचा एक विलक्षण प्रवास सुरू झाला. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव लोरेन्त्स यांच्या नेतृत्वाखाली ग्रंथपाल आणि विद्वान येथून निर्मनुष्य वॉर्सात जात, आणि ग्रंथ, हस्तलिखिते, कलाकृती मालमोटारींत भरून घेऊन येत. जानेवारी १९४५ पर्यंत चाललेल्या या कार्याला पोलिश इतिहासात ‘प्रुश्कुव मोहीम’ म्हणतात. सकाळी राजधानीत कामाला जाऊन सायंकाळी परतण्याचा या गावाचा रिवाज अशा रीतीने त्या हिवाळ्यातही मोडला नाही. ज्या शहरात कामाला जायचे ते शहर तेवढे उरले नव्हते.

मुक्तीच्या पावलांबरोबर आलेला दगाही या गावाने पाहिला. मार्च १९४५ मध्ये पोलिश भूमिगत राज्याच्या पुढाऱ्यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी वाटाघाटीसाठी येथे बोलाविले, आणि पाहुण्यांना कैद करून मॉस्कोला नेले. जूनमध्ये सोळा जणांवर खटला भरण्यात आला. त्यांपैकी, स्वदेशसेना या भूमिगत लष्कराचे अखेरचे सेनापती लेओपोल्ड ओकुलित्स्की पुढच्याच वर्षी तुरुंगात निवर्तले.

त्यानंतरचे प्रुश्कुव चारचौघांसारखे झाले. १९९० च्या दशकात एका गुन्हेगार टोळीने त्याचे नाव आपल्यामागे लावून ते बदनाम केले, आणि २००८ मध्ये उभारलेल्या छताखालच्या लाकडी सायकलपथाने, २००९ आणि २०१९ च्या विश्वविजेतेपद स्पर्धांच्या निमित्ताने, ते काहीसे उजळले. जुन्या कर्मशाळांच्या आवारात २०१० पासून छावणीचे संग्रहालय आहे, आणि तेथील स्मारकावर ‘वॉर्सा इथून गेली’ एवढ्याच आशयाचे शब्द कोरलेले आहेत. किती माणसे गेली, कोणी नेली, कोणत्या साली, यांपैकी एका प्रश्नालाही ते वाक्य उत्तर देत नाही. परंतु रोज सकाळी राजधानीची गाडी पकडणाऱ्या गावाला अशा वाक्यावर टीप जोडावी लागत नाही. ज्या रुळांवरून आपण जातो तेच रूळ कोणाला कोठे घेऊन गेले, हे त्याला ठाऊक असते.