छायाचित्र आणि भरपाईचा हिशेब

कल्याण-बदलापूर मार्गावर भर सायंकाळी एखाद्या दुचाकीला मोटारीची धडक बसली की पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी हमखास घडतात. माणसे जमतात आणि वाहने बाजूला घेतली जातात. यांतील दुसरी गोष्ट कोणी दुष्ट हेतूने करतो असे मुळीच नव्हे. मागे वाहनांची रांग तुंबलेली असते, भोंगे वाजत असतात, आणि जखमीस रिक्षात घालून रुग्णालयात नेणे हे तर आद्य कर्तव्यच होय. परंतु वाहने हलली की घटना संपते आणि तिच्याविषयीच्या हकीकती सुरू होतात. पोलीस पंचनाम्यास येतात तेव्हा काचेचे तुकडे, तेलाचा डाग आणि परस्परविरोधी साक्षी एवढेच त्यांच्या हाती लागते. जुलै महिन्यात बदलापूरचा पाऊस तेवढेही शिल्लक ठेवीत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेली व 1 एप्रिल 2022 पासून अमलात आलेली दुरुस्ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. तपास अधिकाऱ्याने घटनास्थळाची व वाहनांची छायाचित्रे घ्यावीत, रस्त्याची रुंदी व वाहनांच्या जागा दाखविणारा प्रमाणबद्ध नकाशा काढावा, जखमीचेही रुग्णालयात छायाचित्र घ्यावे, 48 तासांत प्राथमिक व 90 दिवसांत तपशीलवार अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. नियम उत्तम आहे. मात्र अधिकारी येईतो जे पुसले गेले त्याचे छायाचित्र तो घेऊ शकत नाही. ती पोकळी भरून काढू शकतो तो तेथे उभा असलेला, खिशात कॅमेरा असलेला नागरिकच.

या एका छायाचित्राची किंमत किती, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, उल्हासनगरातील कारखान्यात कपडे शिवणारा 32 वर्षांचा एक कारागीर महिना 15,000 रुपये मिळवितो. अपघातात त्याचा पाय निकामी होऊन त्याची कमाईची शक्ती 20 टक्क्यांनी घटली. वार्षिक मिळकत 1,80,000. तिचा पाचवा हिस्सा 36,000. स्वयंरोजगारी किंवा ठरावीक वेतनावरील चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या भावी मिळकतवाढीपोटी 40 टक्के धरावेत, हे 2017 च्या प्रणय सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, म्हणजे 50,400. सरला वर्मा खटल्याच्या 2009 च्या निकालानुसार 31 ते 35 या वयोगटाला 16 चा गुणक लागतो. एकूण रक्कम 8,06,400 रुपये. वेदना, औषधोपचार इत्यादी बाबी वेगळ्याच. आता विमा कंपनीने दुचाकीस्वारच चुकीच्या बाजूने येत होता असे सांगितले आणि न्यायाधिकरणाने दोष निम्मा-निम्मा वाटला, तर हातात उरतात 4,03,200 रुपये. धडकेनंतर दुचाकी रस्त्याच्या कोणत्या बाजूस पडली होती हे दाखविणारे एक चित्र चार लाखांचे ठरते ते असे. कारागिराला वेतनाची पावती मिळत नसेल, तर मुळातले 15,000 सिद्ध करणे हे आणखी एक संकट. परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय.

अर्थात कोणतेही चित्र चालत नाही. फुटलेल्या दिव्याचे आणि रक्ताचे जवळून घेतलेले छायाचित्र मनाला हादरविते, पण न्यायाधीशाला ते फारसे काही सांगत नाही. दुभाजक, विजेचा खांब, दुकानाची पाटी अशा न हलणाऱ्या खुणेसह दुरून घेतलेले चित्र, ब्रेक दाबल्याने उमटलेले चाकांचे पट्टे, दोन्ही वाहनांच्या क्रमांकपाट्या, खड्डा असल्यास खड्डा, हे खरे पुरावे. जखमीला हलविण्याआधी मात्र छायाचित्रासाठी क्षणभरही थांबता कामा नये.

पुढचा अडथळा कायद्याचा. न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त असते आणि तेथे संभाव्यतेचे पारडे कुणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते. तरीही छायाचित्राच्या अस्सलपणाविषयी हरकत घेतली जातेच. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली निर्वाळा दिला की, इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर मात्र त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 ने प्रमाणपत्राचा नमुनाच घालून दिला. व्यवहारात याचा अर्थ असा की, व्हॉट्सॲपवरून दहा जणांकडे फिरलेल्या प्रतीपेक्षा ज्या फोनने चित्र घेतले तो फोन आणि तो धरणारा माणूस अधिक मोलाचा. नेमका तोच माणूस कोर्टाच्या खेपांना भिऊन गर्दीत नाहीसा होतो.

आणि चित्र मिळाले तरी ते सर्व सांगतेच असे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये अंबरनाथचे पूर्व-पश्चिम भाग जोडणाऱ्या उड्डाणपुलावर एक मोटार समोरून येणाऱ्या दुचाकींवर आदळली. चालकासह चौघे दगावले. कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य हजारो लोकांनी फोनवर पाहिले. चालकाला हृदयविकाराचा झटका आल्याचे त्या वेळच्या बातम्यांत म्हटले होते. अशा प्रसंगी मोटार कशी वळली हे चित्र दाखविते. ती का वळली याचे उत्तर वैद्यकीय कागदपत्रांतच शोधावे लागते. निष्काळजीपणा सिद्ध न झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 चा आधार उरतो. त्यात दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. रक्कम सर्वांना सारखीच, मग मेलेला माणूस घरातला एकटा कमावता असो वा नसो.

नाक्यावरच्या दुकानदारांचे कॅमेरे हा तिसरा साक्षीदार. त्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात देऊन पोच घेणे, एवढे काम जखमीच्या घरच्या कुणीतरी करायचे असते. त्या आठवड्यात घरची सारी माणसे रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेली असतात.