जुन्या लॅपटॉपचा नवा वेग



आपला गोंदिया जिल्हा तांदळासाठी प्रसिद्ध आहे. राईस मिलचे गोदाम तुम्ही पाहिले असेल. तेथे पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. एखादे पोते हवे असेल, तर हमालाला त्या थप्पीपर्यंत चालत जावे लागते. पोती शंभर ठिकाणी असतील, तर फेऱ्याही शंभर!

जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कचे काम असेच चालते. तिच्यात एक गोल तबकडी असते. ती बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरते. एक छोटा दांडा तिच्यावर पुढेमागे सरकतो आणि माहिती वाचतो. तबकडीच्या एका फेरीला सुमारे ०.०११ सेकंद लागतो. हा वेळ अगदी थोडा वाटतो. पण लॅपटॉप सुरू होताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा वेळ साचतो आणि आपण पडद्याकडे पाहत बसतो.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या, तरी फक्त ५० लाख अक्षरे मावत. पुढे १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधून काढली. तुमच्या घरच्या मोबाईलमध्ये व पेन ड्राइव्हमध्ये हीच मेमरी असते. तिच्यापासूनच सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, तयार होते. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. म्हणून ती माहिती लगेच देते.

काही लॅपटॉपमध्ये एसएसडीसाठी रिकामी जागा असते. काहींमध्ये मात्र जुनी डिस्क काढूनच ती बसवावी लागते. अशा वेळी नवी एसएसडी आधी केबलने बाहेरून जोडतात. पेच उघडण्यापूर्वी लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि झाकण उघडल्यावर सर्वांत आधी आतील बॅटरीची जोडणी सोडवावी. हे काम जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

आता ऑपरेटिंग सिस्टिम नव्या जागी कशी न्यायची? सगळ्या फाइली नुसत्या कॉपी करून भागत नाही. लॅपटॉप सुरू करणारा एक छोटा भाग डिस्कवर लपलेला असतो. म्हणून संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर वापरतात. या कामाला क्लोनिंग म्हणतात. घर बदलल्यावर आपण पोस्टमनला नवा पत्ता सांगतो ना? तसेच बायोसमध्ये जाऊन 'आता नव्या ड्राइव्हवरून सुरू हो' असे लॅपटॉपला सांगावे लागते.

येथे एक मोठा धोका आहे. सॉफ्टवेअर विचारते, 'कोठून कोठे नक्कल करू?' उत्तर उलटे दिले, तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते. अब्बांच्या दुकानाचा हिशेब, मोठ्या बहिणीचे अर्ज, लग्नाचे फोटो, सारे क्षणात जाते! म्हणून दोन्ही ड्राइव्हची नावे व आकार दोनदा वाचा. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत तिसऱ्या ठिकाणी ठेवा. चार्जर लावूनच नक्कल सुरू करा.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुन्या डिस्कवर व्हायरस असेल, तर नकलेबरोबर तोही नव्या जागी येतो. म्हणून आधी साफसफाई करावी.

नव्या ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला, की लगेच जुनी डिस्क पुसू नका. काही दिवस काम करून पाहा. फाइली उघडून पाहा. एसएसडीसुद्धा कधी अचानक बंद पडू शकते, म्हणून दुसरी प्रत नेहमी जवळ असावी.

वेगवान यंत्र पैसे देऊन मिळते. हरवलेला फोटो बाजारात मिळत नाही. म्हणून हा क्रम विसरू नका : आधी प्रत, मग बदल, मग खात्री आणि सर्वांत शेवटी पुसणे.